कोल्हापूर प्रकरण : चुकलेले संपादक आणि न बदललेले कलम

डोंगरीच्या तुरुंगातले एकशे एक दिवस मराठी वाचकाला ठाऊक आहेत. आगरकरांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, शालेय पुस्तकांनी आणि चरित्रांनी ते घरोघर नेले. ज्या खटल्यामुळे ते दिवस आले, तो मात्र आपण सहसा घाईने ओलांडतो. दोन तरुण, एक अन्यायी कारभारी, परकी सत्तेचे न्यायालय आणि शिक्षा, एवढ्यात गोष्ट संपते. या मांडणीत एक गैरसोयीची बाब मागे पडते. संपादकांनी ज्या पत्रांवर भिस्त ठेवली, ती बनावट होती. या लेखात तिथेच थांबायचे आहे.

‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. ‘मराठा’चे संपादक टिळक, ‘केसरी’चे आगरकर. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे दत्तक आलेले, वयाने लहान. त्यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांना नजरकैदेसारखे ठेवले होते. त्यांचा छळ होतो, अशी बोलवा पुण्यापर्यंत आली. मग दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या नावावरची पत्रे पुढे आली आणि महाराजांविरुद्धच्या कटाचा आरोप छापून आला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे खोटी ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी खटला चाललाच. जुलै १८८२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने दोघांना चार महिन्यांची साधी कैद दिली. आगरकरांना नुकतेच सव्विसावे वर्ष पुरे झाले होते, टिळकांचे पुरे व्हायला काही दिवस बाकी होते. २६ ऑक्टोबरला ते सुटले.

बर्व्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांची तक्रार खरी होती. न लिहिलेल्या पत्रांच्या आधारे आपल्या धन्याच्या जिवावर उठल्याचा कलंक लागणे, ही कोणत्याही माणसाला सोसवणारी गोष्ट नाही. संपादकांच्या बाजूने पाहिले तर त्यांची काळजीही पोकळ नव्हती. सुटकेला सव्वा वर्ष होते न होते तोच, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. पुरावा खोटा निघाला, पण ज्याच्यासाठी लिहिले तो राजा खरोखरच संकटात होता. देशभक्तीच्या गोष्टीत या दोन वाक्यांना एकत्र जागा मिळत नाही. कायद्यात ती मिळते का, हा खरा प्रश्न आहे.

१८६० च्या दंड संहितेतले कलम ४९९ वरवर पाहता उदार आहे. त्याला दहा अपवाद आहेत. सार्वजनिक हितासाठी केलेले सत्यकथन, लोकसेवकाच्या कामावर सद्भावनेने दिलेले मत, सार्वजनिक प्रश्नावरची टीका, असे बरेच काही त्यात बसते. पण नुसते सत्य पुरत नाही. ते लोकहितासाठी होते हेही दाखवावे लागते. ‘सद्भावना’ या शब्दाचा संहितेतला अर्थ मनाचा चांगुलपणा असा नाही. पुरेशी काळजी आणि लक्ष नसेल तर सद्भावना नाही, असे ती सांगते. शिवाय अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. जाणूनबुजून खोटे छापणारा आणि फसवला गेलेला, असे दोन्ही संपादक एकाच पिंजऱ्यात उभे राहतात. कोल्हापूर प्रकरणाने हेच दाखवून दिले.

१८८२ साली आमचे हिंगोली निजामाच्या राज्यात होते. ही दंड संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली ती १९५१ मध्ये. म्हणजे भाषणस्वातंत्र्य देणारी राज्यघटना आमच्याकडे आधी आली आणि ज्या कलमाने टिळक-आगरकरांना तुरुंगात धाडले ते मागाहून. क्रम उलटा, पण पुढे दोन्ही शेजारी नांदू लागली.

१९९४ मध्ये तमिळ साप्ताहिक ‘नक्कीरन’च्या राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वेगळी वाट दाखवली. लोकसेवकाच्या अधिकृत कामाबद्दलचा मजकूर चुकीचा असला, तरी सत्याची बेपर्वाई केल्याचे दिसल्याशिवाय भरपाई मागता येणार नाही. वाजवी पडताळणी केली एवढे संपादकाने दाखवले तरी पुरे, असे न्यायालय म्हणाले. चूक आणि खोटेपणा यांच्यातली रेघ इथे स्पष्ट ओढली गेली. पण ती दिवाणी दाव्यापुरती. १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात त्याच न्यायालयाने फौजदारी कलम वैध ठरवले. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्याचे म्हणणे. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ या क्रमांकाने नांदते आहे. दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेला आणि दंडाला आता समाजसेवेचा पर्याय जोडला आहे, एवढाच फरक.

प्रतिष्ठेचे मोल कोणी नाकारत नाही. पण मंत्र्याच्या किंवा बड्या अधिकाऱ्याच्या कामाबद्दलची फिर्याद सरकारी वकील, शासनाच्या मंजुरीने, थेट सत्र न्यायालयात नेऊ शकतो. समोर सेनगावात किंवा औंढा नागनाथात साप्ताहिक काढणारा माणूस असेल, तर तोच बातमीदार, तोच मुद्रितशोधक आणि जाहिराती गोळा करणाराही तोच. त्याला शिक्षा होईल की नाही हे पुढचे. तारखांना हिंगोलीला येणे, जामीनदार शोधणे आणि त्या दिवसांचा अंक बुडणे, हे आधीचे. कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात. इथे ती चढावी लागू नये म्हणून बातमीच गाळली जाते. वाचकाला तर ती गाळली गेल्याचेही कळत नाही.

म्हणून टिळक-आगरकरांना निर्दोष ठरवण्याचा हट्ट सोडावा. पत्रे तपासण्यात ते कमी पडले आणि माफी मागून त्यांनी ते मान्यही केले. आपण विचारायचे ते इतकेच, की अशा चुकीची भरपाई खुलासा, माफी आणि पैशाने व्हावी की तुरुंगाने? हुतात्म्यांच्या गोष्टीत हा प्रश्न उरत नाही, कारण हुतात्मा चुकत नसतो. चुकलेल्या संपादकांची गोष्ट म्हणून वाचले, तरच डोंगरीचे दिवस आजच्या संपादकाच्या कामी येतील.