चेहऱ्यावरील त्रिकोण

छायाचित्रांची समीक्षा करणें हें इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकाचें काम नव्हे, हें मला मान्य आहे. परंतु शहाडला माझ्या शेजारीं राहणारा एक तरुण छायाचित्रणाचा अभ्यासक्रम पुरा करीत आहे. भाड्याच्या खोलींत दिवे लावून काढलेलीं चौदा व्यक्तिचित्रें त्यानें माझ्यापुढें ठेविलीं आणि "सर, मोकळेपणानें सांगा," असा आग्रह धरला. मला लिहून सांगणें अधिक सोपें जातें.

चौदांपैकीं अकरा चित्रांत एकच रचना आहे. मुख्य दिवा एका बाजूस, सुमारें पंचेचाळीस अंशांवर व डोक्याहून उंच. त्यामुळें नाकाची सावली गालाच्या सावलीस मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखालीं उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. ह्या रचनेस रेम्ब्रांटचें नांव आहे. रेम्ब्रांट १६६९ सालीं वारला. त्याच्या नांवाचा हा शिक्का मागाहून छायाचित्रकारांनीं व चित्रपटवाल्यांनीं चालू केला. त्याच्या चित्रांत हा त्रिकोण दिसतो खरा, पण तो चेहऱ्याचा शोध घेतां घेतां सांपडलेला आहे. आमच्या विद्यार्थ्यानें त्रिकोण आधीं आंखला आणि मग त्यांत चेहरे बसविले. मोरोपंतांच्या मागून आर्या पाडणाऱ्या कवींची मला आठवण झाली: मात्रा बिनचूक, कविता बेपत्ता. अर्थात् मात्रा मोजतां येऊं नयेत असें मी म्हणत नाहीं. दिव्याचें अंतर दुप्पट केलें कीं उजेड चौथाईवर येतो, हें त्याला पक्कें ठाऊक आहे, आणि तें चित्रांत दिसतें.

खरा दोष दुसरा आहे. त्याच्यापुढें बसलेलीं माणसें शहाडचीं: रेयॉनच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार, स्टेशनाबाहेर भाजी विकणारी बाई, उल्हासनगरचा एक सिंधी दुकानदार. बहुतेक सांवळीं. गोऱ्या कातडीचा घाट सावलीनें कळतो. सांवळ्या कातडीचा घाट तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीनें अधिक कळतो, आणि त्यासाठीं उजेड रुंद व जवळचा हवा. येथें लहान, कडक दिव्यापुढें अर्धा चेहरा काळोखांत बुडाला आहे. भाजीवालीचा डावा गाल तर नाहींच. ही चूक एकट्या विद्यार्थ्याची नव्हे. कोडॅकच्या रंगीत फिल्मची छपाई जुळविण्यासाठीं जें नमुनाचित्र वापरीत, त्यांत अनेक वर्षें गोरी स्त्री असे. तिला 'शर्ली' म्हणत. धडे जेथून आले, तेथील चेहरेहि धड्यांबरोबर आले.

वास्तविक आमच्याकडे ही विद्या नवी नाहीं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यांत पुढें होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढें नांवारूपास आलेले हरिश्चंद्र चिंतामण तेथेंच शिकले. त्या काळीं छायाचित्रकाराचा दिवा म्हणजे आकाश. कौशल्य असे तें कांच आणि पडदे यांच्या साहाय्यानें त्याला वळविण्याचें. कलकत्त्यास जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरनबाईंनीं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं कॅमेरा हातीं धरला. १८६७ सालीं खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचें चित्र घेण्यापूर्वीं बाईंनीं त्यांना केस धुवावयास लाविले, असें सांगतात. ते पांढरे केस विस्कटावे आणि उजेड त्यांत अडकावा, एवढाच हेतु. प्रकाशयोजना म्हणतात ती हीच. ती माणसाकडे पाहिल्यावर सुचते.

उरलेल्या तीन चित्रांपैकीं दोहोंविषयीं बोलण्यासारखें कांहीं नाहीं. चौदावें मात्र मी पुन:पुन्हां पाहिलें. त्या दिवशीं वीज गेली होती. कारखान्यांतला एक म्हातारा कामगार उघड्या दाराशीं खुर्ची ओढून बसला आहे. दार उत्तरेचें, उजेड दाराएवढा रुंद. कपाळावर, गालाच्या हाडावर, बोटांच्या पेरांवर तो उजेड तेल लावल्यासारखा पसरला आहे. म्हातारा कॅमेऱ्याकडे पाहत नाहीं. वीज आली कीं नाहीं तें तो समोरच्या घरांत पाहतो आहे. सावली आहे, पण तींतहि डोळा दिसतो.

परीक्षेस कोणतें पाठवूं, असें त्यानें विचारलें. मी हें चित्र गठ्ठ्याच्या वर ठेविलें. त्यानें तें हळूच उचलून पुन्हां तळाशीं सारलें आणि म्हणाला, "सर, ह्यांत तुमची प्रकाशयोजना कोठें आहे, असें ते मला विचारतील."