जाच, त्रास, मारहाण : आकडेवारीचे एक मराठी वाचन

बाईवर घरात होणाऱ्या हिंसेविषयी मराठीत दोन तऱ्हांचे लेखन साठलेले आहे. एक कथा, कविता, आत्मचरित्रे, ओव्या यांतले. त्याची समीक्षा होते. दुसरे अहवालांतले आणि तक्त्यांतले. त्याची बातमी होते आणि चार दिवसांत तीही शिळी होते. या दुसऱ्या प्रकाराला आपण लेखन मानतच नाही, ही माझी तक्रार आहे. तक्ता कुणीतरी लिहिलेला असतो. त्याला निवेदक असतो, श्रोता असतो, त्यात काही शब्द निवडलेले आणि काही गाळलेले असतात. कादंबरीला विचारतो ते प्रश्न तक्त्याला विचारले, तर तो काय सांगतो आणि काय झाकतो हे बऱ्यापैकी कळते. या लेखात मी अशा चार संहिता वाचणार आहे : पोलिसांची, पाहणीची, जात्यावरची आणि एका सरकारी अर्जाची.

हे वाचन करावेसे वाटले, त्याला मी राहते तो मुलूख कारण आहे. कुणकेश्वर देवगड तालुक्यात, समुद्राला लागून. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे सर्वांना माहीत. हा विषय इथे निघाला की हमखास ऐकू येते, 'आपल्याकडे तसला काय नाय.' पुराव्यादाखल दोन गोष्टी सांगितल्या जातात : जिल्ह्यात गुन्हे कमी आणि बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त. दुसरी गोष्ट खरी आहे. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. शेजारच्या रत्नागिरीत १,१२२. पण या आकड्याचे मोठे कारण मुंबई आहे. इथले पुरुष गिरण्यांत, गोदीत, पुढे कचेऱ्यांत गेले आणि तिकडेच मोजले गेले. स्थलांतराचा आकडा आपण सन्मानाचा म्हणून वाचत आलो. एकदा हे ध्यानात आले की कमी गुन्ह्यांचा आकडाही पुन्हा वाचावासा वाटतो.

ठाण्यातला निवेदक

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. महाराष्ट्रातले ४५,३३१, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल. देशातल्या एकूण गुन्ह्यांपैकी ३१.४ टक्के 'पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' या एकाच सदरात मोडतात. भारतीय दंडविधानात १९८३ साली आलेले ४९८-अ हे कलम ते हेच.

या संहितेचा निवेदक ठाणे अंमलदार आहे. बाई बोलते, पण लिहितो तो. आणि लिहितो ते कलमांच्या भाषेत. जे कलमात बसत नाही ते तक्त्यात येत नाही. दुसरा नियम मोजणीचा. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर तक्त्यात फक्त सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो. दहा वर्षे मार खाऊन एका रात्री मारली गेलेली बाई हत्येच्या रकान्यात जाते. आधीची दहा वर्षे मोजणीतून गळतात. हत्येच्या तक्त्यांत बळींची स्त्री-पुरुष अशी विभागणी मिळते, हेतूंच्या यादीत प्रेमप्रकरण, अनैतिक संबंध, कौटुंबिक वाद अशी नावे मिळतात. हे शब्द कुणाच्या तोंडचे आहेत? मेलेल्या बाईच्या तर नव्हेत. 'प्रेमप्रकरण' या सदरात ज्याचे प्रेम होते त्याचीच कैफियत ऐकू येते. मारणारा तिचा कोण होता, हा साधा प्रश्न मात्र यादीतून उलगडत नाही.

हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून मोजणी करता येते, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवले. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेतील शनाझ मॅथ्यूज, नईमा अब्राहम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ सालातल्या मृत्यूंचा अभ्यास करताना सुरुवात ठाण्यापासून केली नाही, शवागारापासून केली. देशभरातली शवागारे नमुन्यासाठी निवडली, हत्या झालेल्या स्त्रियांच्या नोंदी काढल्या आणि मग एकेक प्रकरण घेऊन पोलिसांना विचारले, हिला मारणारा हिचा कोण? उत्तरांची बेरीज अशी निघाली की तिथे दर सहा तासांनी एक स्त्री नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मरत होती. २००९ सालच्या मृत्यूंवर तोच अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा हे अंतर आठ तासांवर गेले होते. मधल्या काळात बंदुकांवर निर्बंध घालणारा कायदा आला होता आणि बंदुकीने झालेल्या स्त्रीहत्या घटल्या होत्या. आकडा नुसता हळहळण्यापुरता उरला नाही. कोणत्या उपायाने किती फरक पडला हे त्याने दाखवले. पुढच्या अभ्यासांत ही घट अडखळलेली दिसते, तेही त्याच मोजणीमुळे कळले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२३ साली जगात ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा कुटुंबीयांच्या हातून मेल्या, त्यांतल्या सुमारे २१,७०० आफ्रिकेत. पण हे वाचून आपण निःश्वास टाकू नये. ज्या समाजात मोजणी नीट होत नाही, तो यादीत खाली दिसू शकतो.

आपल्याकडचा याच जातीचा पुरावा आगीचा आहे. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापले की त्यातला कर्ता कुठे गेला हे कुणी विचारेना. भडका उडतो, उडवणारा कुणी नसतो. प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांनी 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृत्यूच्या वैद्यकीय नोंदींच्या आधारे असा अंदाज काढला की २००१ या एका वर्षात देशात आगीने सुमारे १,६३,००० मृत्यू झाले. पोलिसांच्या आकड्याच्या हे सहापट. त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया होत्या, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. हे सारे खून होते असे कुणी म्हणत नाही. पण स्टोव्ह तरुण सुनांनाच एवढा का ओळखतो, हा प्रश्न त्या अभ्यासाने पुढे ठेवला आणि 'अपघात' या शब्दाची झोप उडवली.

पाहणीतला प्रश्न

दुसरी संहिता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. ती मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून होते. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के, महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले.

समीक्षक म्हणून मला या पाहणीतली प्रश्न विचारण्याची रीत मोलाची वाटते. 'तुमच्यावर अत्याचार झाला का?' असे ती विचारत नाही. तिने थोबाडीत मारली का, हात पिरगळला का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला का, असे एकेक कृत्य विचारले जाते. घरात एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे आणि तिथे दुसरे कुणी असेल तर विचारायचेच नाहीत, असा दंडक आहे. विशेषण काढून क्रियापद ठेवणे, हा चांगल्या गद्याचा नियम इथे पाहणीने पाळला आहे. कारण 'अत्याचार' हा शब्द बाई स्वतःसाठी वापरत नाही. तो वर्तमानपत्रातल्या बाईवर होतो. आपला नवरा 'कधीमधी हात उचलतो'.

तरीही ही संहिता भोळेपणाने वाचून चालणार नाही. याच फेरीत गोव्याचा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास आणि कर्नाटकाचा ४४ टक्क्यांच्या आसपास आहे. कर्नाटकात आधीच्या फेरीत तो २१ टक्क्यांच्या घरात होता. सिंधुदुर्ग या दोन्ही राज्यांना लागून आहे. घाट चढून पलीकडे गेले की नवरे पाचपटीने मारकुटे होतात आणि चार वर्षांत दुपटीने बिघडतात, यावर माझा विश्वास बसत नाही. काही फरक हिंसेचा असेल, काही सांगण्याच्या मुभेचा, काही विचारणारीच्या कौशल्याचा. वाढलेला आकडा हा काही वेळा वाढलेल्या धैर्याचाही असतो.

याच पाहणीत सांगितलेला मौनाचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलेही नाही. मागणाऱ्यांपैकी बहुतेकींचा ओढा माहेराकडे. पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या फार थोड्या. ठाण्याचा तक्ता या उरलेल्या मूठभर बायकांवर उभा आहे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या म्हणीत आपण मौनाची किंमत ठरवून टाकली, तीही आकड्यात. ही किंमत बाईने मोजायची, हे म्हणीत सांगावे लागत नाही.

आणि सिंधुदुर्गाचे काय? हिंसेचे प्रश्न पाहणीच्या एका लहान उपनमुन्यालाच विचारले जातात. त्यामुळे तो आकडा राज्याच्या पत्रकात असतो, जिल्ह्याच्या पत्रकात नसतो. लसीकरण, रक्तक्षय यांचे सिंधुदुर्गाचे आकडे मिळतात, नवऱ्याच्या मारहाणीचा मिळत नाही. 'आपल्याकडे तसला काय नाय' या वाक्याचा आधार ही रिकामी जागा आहे.

जात्यावरची नोंद

तिसरी संहिता बायकांनी स्वतः रचलेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासह नोंदल्या आणि विषयवार लावल्या. पुढे 'पारी' या संकेतस्थळाने त्या वाचकांसमोर आणल्या. आपण त्यांना लोकवाङ्मय म्हणतो. त्या तितक्याच खऱ्या अर्थाने बायकांच्या आयुष्याची माहितीही आहेत. इथे निवेदक बाई आहे, श्रोती जाते किंवा दुसरी बाई, आणि वेळ पुरुष झोपलेले असण्याची. पाहणीच्या दंडकात जो एकांत मागावा लागतो तो इथे आपसूक होता.

पण ओवीलाही तिची मर्यादा आहे. सासुरवासाच्या ओवीत बोट सहसा सासूकडे, नणंदेकडे जाते. 'जाच' आणि 'सासुरवास' या शब्दांना नवऱ्याचा हात चिकटलेला नसतो. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' या म्हणीनेही हिंसेला पाळीपाळीने मिळणारी सत्ता करून टाकले. मालवणीत घोवाचा 'तरास' म्हटले की त्यात दारू, शिवीगाळ, मार, पैसे न पाठवणे सगळे मावते आणि त्यातले नेमके काहीच कळत नाही. शब्द सोशिक बायकांनी घडवला आहे. त्यात सांगण्याची सोय आहे आणि मागे घेण्याचीही. 'तरास म्हणजे तसला काय नाय' असे पुढच्याच वाक्यात म्हणता येते.

हा आडपडदा फाडण्याचे काम ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली केले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी झालेली शिक्षा आणि त्यावर वर्तमानपत्रांत उठलेला स्त्रीनिंदेचा धुरळा हे 'स्त्रीपुरुष तुलना'चे निमित्त. न्यायालयाने मोजला एक गुन्हा. त्या प्रकरणातला पुरुष कुठे मोजला गेला, असा ताराबाईंच्या निबंधाचा रोख आहे. तो शवागारातून सुरू झालेल्या आफ्रिकी अभ्यासाच्या प्रश्नापासून दूर नाही. हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत जवळजवळ विस्मरणात होता. साक्ष देऊन भागत नाही, ती जपणारा दप्तरखाना लागतो.

एक अर्ज

चौथी संहिता सर्वांत रुक्ष दिसते. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला अमलात आला. त्याच्या नियमांसोबत एक नमुना आहे, घरगुती घटना अहवालाचा. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे भाग आहेत. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, चारित्र्यावर संशय, नोकरीला मज्जाव, औषधाला आणि अन्नाला पैसे न देणे, घराबाहेर काढणे, हे सगळे त्यात स्वतंत्रपणे नोंदता येते. मालवणी 'तरास' इथे सुटा सुटा होतो. पोलिसी तक्त्याला न दिसणारे, ओवीने आडून सांगितलेले, पाहणीने तुकड्यांनी विचारलेले असे सारे या एका अर्जात उतरू शकते.

ही भाषा कायद्याआधी कामातून घडत होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. ठाण्यात बाईचे ऐकायला समाजकार्यकर्ती बसली, म्हणजे निवेदक बदलला. 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिकेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले; तिथे 'पडले' असे सांगणाऱ्या बाईला डॉक्टर-परिचारिकांनी पुढचा प्रश्न विचारायला शिकणे हा कामाचा भाग झाला. दोन्हींत आधी मदत आहे आणि नोंद तिच्यामागून येते. हा क्रम मला निर्णायक वाटतो. नुसती माहिती काढून घेणारी मोजणी बाईला आणखी एकदा वापरते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. संरक्षण अधिकारी, विशेष कक्ष आणि ग्रामीण रुग्णालये यांच्याकडच्या नोंदी नावे-गावे काढून, प्रकारवार, दरवर्षी जिल्ह्यासाठी एकत्र प्रसिद्ध व्हाव्यात. गावनिहाय नकोत. कुणकेश्वरासारख्या गावात 'एक' हा आकडा नसतो, ते एका घराचे नाव असते, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला त्याच पाणंदीने जायचे असते. जिल्ह्याचे ते पान ग्रामसभेआधी भरणाऱ्या महिला सभेत मोठ्याने वाचले जावे, मदत कुठे मिळते त्या पत्त्यासह. पहिल्या वर्षी आकडा वाढेल. तेव्हा जिल्ह्याची बदनामी झाली म्हणून ओरड होईल. ती होऊ देऊन दुसऱ्या वर्षीही पान छापणे, एवढे काम त्या कचेरीने करावे. वाचण्याचे काम आपले आहे.