वकिलातीची विद्या

आधुनिक मुत्सद्देगिरीविषयी जे लिहिले जाते त्यात तहनाम्यांचे आणि शिखर-परिषदांचे वर्णन विपुल असते. परंतु परदरबारी राहून तेथील वारे ओळखणे आणि जे दिसले ते धन्याच्या मर्जीची तमा न बाळगता लिहून पाठविणे, ही जी या व्यवसायाची मूळ विद्या, तिचा विचार क्वचितच होतो. पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीहून हिंगण्यांनी आणि हैदराबादेहून गोविंदराव काळ्यांनी पुणे दरबारास जी पत्रे धाडली त्यांचा जीव याच विद्येत होता. आणि १९६१ च्या व्हिएन्ना करारानेही यजमान देशाची परिस्थिती विधिमान्य मार्गांनी जाणून आपल्या सरकारास कळविणे हे दूतावासाचे कर्तव्य म्हणून नमूद केले आहे.

या कर्तव्याची कसोटी किती कठीण असते हे २ ऑक्टोबर १९५० च्या रात्री पेकिंगमध्ये दिसले. भारताचे राजदूत सरदार पणिक्कर यांना मध्यरात्री झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या भेटीस नेण्यात आले, आणि अमेरिकन फौजा ३८ वे अक्षवृत्त ओलांडून उत्तर कोरियात शिरल्या तर चीन युद्धात उतरेल, केवळ दक्षिण कोरियाचे सैन्य आले तर गोष्ट निराळी, असे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. या निरोपाचे सारे मोल त्यातील भेदात होते. पणिक्करांनी तो तत्काळ दिल्लीस कळविला, तेथून तो वॉशिंग्टनपर्यंत गेला; परंतु हा राजदूत चीनकडे झुकलेला आहे असा तेथे ग्रह झालेला असल्यामुळे धमकी पोकळ मानली गेली, आणि त्याच महिन्यात चिनी सैन्य यालू नदी उतरून आले. पुढे महिनाभरातच, ७ नोव्हेंबरला, सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात तिबेटच्या संदर्भात याच राजदूताच्या चीनविषयक आकलनावर ठपका ठेवला, हेही विसरता येत नाही. राजदूताची पत ही अशी एकसंध असते. एका प्रकरणी ती ढळली की दुसऱ्या प्रकरणातील त्याचे सत्यही कवडीमोल ठरते.

उलटपक्षी, सरकारच आपल्या वकिलास अंधारात ठेवते तेव्हा काय होते? १९६२ साली क्युबातील क्षेपणास्त्रांची वार्ता मॉस्कोने वॉशिंग्टनमधील आपला राजदूत अनातोली दोब्रिनिन याच्यापासूनही लपविली होती. तरीही २७ ऑक्टोबरच्या रात्री, महायुद्ध उंबरठ्यावर असताना, अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी त्याच्याशीच बोलले, आणि त्या बोलण्याचा वृत्तांत मॉस्कोस पोहोचविण्याचे काम त्यानेच केले. तारा नेण्यासाठी त्या काळी तार-कंपनीचा पोऱ्या सायकलवरून दूतावासात येत असे! आज राष्ट्रप्रमुख दूरध्वनीवरून परस्पर बोलतात, आणि राजदूताच्या वाट्यास पाहुण्यांच्या सरबराईचा बंदोबस्त उरतो. यात वेग साधतो खरा, परंतु समोरच्या दरबारात कोणाचा शब्द चालतो हे सांगणारा माणूस तयार व्हावयास वर्षे लागतात. दोब्रिनिन वॉशिंग्टनला १९६२ पासून १९८६ पर्यंत होता आणि सहा राष्ट्राध्यक्षांशी त्याने व्यवहार केला. आमच्या परराष्ट्रसेवेत प्रत्येक अधिकाऱ्यास एक परकीय भाषा शिकणे सक्तीचे आहे, ही उत्तम तजवीज होय. मात्र त्या भाषेच्या मुलखातच त्याला वारंवार आणि दीर्घकाळ नेमावे, एवढा आग्रह मंत्रालयाने धरला पाहिजे.