संकराचे नाणे

जुन्या नाण्यांवरचे लेखन मी आस्थेने वाचतो. पण एका जागी अडतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. आमचे अभ्यासक त्यावरील टेकडी ओळखतात, उज्जैन चिन्ह ओळखतात, विजयाचे गोडवे गातात आणि थांबतात.

नाशिकच्याच लेण्यात, तेही बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या, गौतमी बलश्रीने आपल्या या मुलाची प्रशस्ती कोरवली आहे. त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असा तीत गौरव आहे. आता नाणे पुन्हा हातात घ्या. टेकडीखालून नहपानाचा चेहरा डोकावतो, ग्रीक अक्षरे डोकावतात. ज्याने संकर थांबवला म्हणे, त्याचे नाणेच संकरित! हा केवळ धातूचा योगायोग नव्हे. पुढे याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी क्षत्रपकुळातली होती. कान्हेरीचा शिलालेख त्याला साक्ष आहे.

म्हणजे शुद्धी प्रशस्तीत, संकर व्यवहारात. नाणे ओळखणे म्हणजे केवळ राजाचे नाव लावणे नव्हे. वरच्या ठशाखाली काय दडपले गेले, हे वाचल्याशिवाय ती ओळख अपुरी आहे.