धुकं, खांदेरी आणि ‘सॅन अँड्रियास’

गेममधलं धुकं ही फसवणूक नव्हे का, असा प्रश्न मागून आला. रास्त आहे. यंत्राची ताकद मर्यादित. ठरावीक अंतरापलीकडचे डोंगर, इमारती ते काढतच नाही. त्या अचानक उगवताना दिसू नयेत म्हणून दूरच्या वस्तूंचा रंग हळूहळू धुक्याच्या रंगात मिसळायचा. १९९९ च्या ‘सायलेंट हिल’नं तर या अडचणीचंच भय केलं. ते मला फार आवडलं.

पण खरी गंमत ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’ची. २००४ साली धुरकट हवेमुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं म्हणजे प्रवास वाटायचा. २०२१ मध्ये नवी आवृत्ती आली, त्यात धुरकटपणा नाहीसा झाला. उंचावरून बघावं तर अख्खं राज्य तळहाताएवढं! नकाशा तोच. म्हणजे बघा, त्या जगाचा विस्तार न दिसण्यात होता. याला मी फसवणूक म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. थळच्या किनाऱ्यावर उभे राहा. ऑगस्टात पश्चिमेकडून सर आली की आधी लांबची खांदेरी दिसेनाशी होते, दीपगृहासकट. मग अलीकडची उंदेरी. मग आपण भिजतो. इथं न दिसण्याला दिशा आहे, वेग आहे. जुन्या गेममधलं धुकं मात्र खेळाडूपासून मोजलेलं, सगळीकडे सारखं, छत्रीसारखं त्याच्याबरोबर फिरणारं. (दरीत साठणारं नवं धुकं मी यातून वगळतो.) खांदेरी गेली की कोळी होडी वळवायचं ठरवतो. त्या छत्रीकडे बघून खेळाडूनं काय ठरवायचं?