‘अस्तु’ : ओळख न मागणारी माया

घरातील वडीलधाऱ्या माणसास स्मृतिभ्रंश जडला, की भेटीस येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : “मला ओळखलंत का?” विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु ज्याची स्मृती हरवत चालली आहे, त्याच्यासाठी ती रोजची परीक्षा होते व तीत तो रोज नापास होतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट पुन्हा पाहताना आम्हांला या प्रश्नाचीच सारखी आठवण होत राहिली.

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान. अल्झायमरने त्यांना ग्रासले आहे. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून खरेदीस जाते, तेवढ्यात एक हत्ती दिसतो आणि त्याच्या ओढीने ते निघून जातात. इरा त्यांचा शोध घेत राहते. ते मात्र हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा हिच्या आश्रयास जातात व तिलाच ‘आई’ मानू लागतात. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी शास्त्रींची भूमिका समजून केली आहे. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना तिच्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

चन्नम्माची भाषा कानडी. तरीही खरा संवाद जुळतो तो येथेच. कारण उघड आहे : तिला पूर्वीचे शास्त्री ठाऊकच नाहीत. समोर जे माणूस आहे, त्याच्याशीच ती बोलते. इरा मात्र हरवलेल्या वडिलांना हाका मारीत असते. तिची ओढाताण चित्रपट लपवीत नाही, हे त्याचे मोठेपण.

आमचा आक्षेप एवढाच, की चन्नम्माचे शहाणपण येथे निसर्गदत्त देणगीसारखे भासते. शिवाय तिची सेवा अल्पकाळाची. इरेची मात्र वर्षानुवर्षांची. थकलेल्या मुलीस वा सुनेस हे पाहून अपराधी वाटावे, हे बरे नव्हे. असे बोलणे ही सवय आहे आणि ती कोणत्याही घराला शिकता येते. समोर बसावे, नजरेला नजर द्यावी, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, उत्तरासाठी थांबावे. आजोबांनी “आई कुठे गेली?” असे विचारले, तर “ती केव्हाच वारली” असे सांगून त्यांना पुन्हा पोरके करू नये, “आईची आठवण येते ना?” असे म्हणून तिच्याविषयी बोलू द्यावे. अलीकडचे आधी पुसले जाते. बालपणी पाठ झालेली प्रार्थना पुष्कळदा मागे उरते. म्हणून सायंकाळच्या जपमाळेला त्यांना आपल्यात बसवावे. शब्द चुकले तरी दुरुस्त करू नयेत.

‘अस्तु’ म्हणजे ‘तसे होवो’. आपल्या ‘आमेन’चाही अर्थ तोच. आहे त्या माणसाचा स्वीकार, एवढेच हा चित्रपट मागतो. वाचकांनी तो घरच्यांसह अवश्य पाहावा, आणि पुढच्या भेटीत प्रश्न न विचारता आपणच सांगावे : “आजोबा, मी तुमचा नातू. तुमच्याजवळ बसायला आलोय.”