इंडस क्रीड आणि बाल्यांची बारी

एखादा बँड बऱ्याच वर्षांनी परतला की श्रेय कलावंतांच्या जिद्दीला मिळतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. मुंबईचा 'इंडस क्रीड' घ्या. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' म्हणून सुरू झालेला, दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता स्वतःची रचू लागलेला आणि १९९३ मध्ये नाव बदललेला हा बँड १९९७ मध्ये थांबला, २०१० मध्ये परतला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने; बास आणि ड्रम्सवर नवे तरुण. २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह' या अल्बमचं मिक्सिंग टिम पामरने केलं. पर्ल जॅम या अमेरिकन बँडच्या 'टेन'चंही त्यानेच केलं होतं. जुन्या लोकप्रियतेवर जगायचं 'इव्हॉल्व्ह'ने नाकारलं. गाण्यांची बांधणी गुंतागुंतीची झाली, आणि हेच त्या पुनरागमनाचं खरं मोल.

पण परतायला जागा लागते. मुंबईतल्या रंगभवनचा खुला मंच शांतता क्षेत्रात अडकून बंद पडला होता. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे संगीताचं ठिकाण उघडलं, २०१० मध्ये पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, तेव्हा कुठे स्वतःची गाणी ऐकणारा श्रोता पुन्हा एका ठिकाणी भेटू लागला. २०१६ मध्ये ब्लू फ्रॉगही गेलं.

लोअर परळच्या याच गिरणगावात महाड-पोलादपूरचे चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे कोकणातल्या बाल्या नाचाच्या, तालमी करत आले. शाहीर, ढोलकी, झांज, पायात चाळ बांधलेले बाल्ये, म्हणजे नाचणारे. गण, गवळण आणि मग सवाल-जवाब. २०२० आणि २०२१ च्या कोविड निर्बंधांनी बाऱ्या, म्हणजे या नाचाचे सामने, थांबवल्या. त्यातच २२ जुलै २०२१ ला महाड पुराखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळली. तरी नाच परतला, कारण गणपतीला गावी जायचंच असतं. घरोघरचं अंगण हा त्याचा मंच, आणि तो भाड्याने घ्यावा लागत नाही. रॉकला असं पंचांग कधी लाभलं नाही, म्हणून एक नोकरी, एक स्थलांतर बँड मोडायला पुरतं.

मात्र या परंपरेचं कौतुक करताना तिची दुखरी बाजू झाकू नये. नव्या बाऱ्यांत गाजलेल्या सिनेगीतांच्या चाली सर्रास येतात. सवाल जुन्या पुराणकथांतून उचललेला, चाल उसनी. मग शाहिराचं स्वतःचं उरतं किती? उसन्या गाण्यांकडून स्वतःच्या रचनांकडे जाण्याचा, रॉक मशीनने सुरुवातीच्या काळातच ओलांडलेला उंबरठा इथे अनेक मंडळांना अजून ओलांडायचा आहे. उलट इंडस क्रीडची गाणी इंग्रजीत राहिली. पोलादपूरच्या अंगणात ती कुणी म्हटली नाहीत.

मराठी रॉक अजून तुरळकच आहे, तो या दोहोंच्या मधे अडकून. मुंबईत वाढलेल्या कोकणी मुलांच्या हाती आता गिटार आहे, की-बोर्ड आहे, आणि गणपतीची सुट्टीही. लोककलेचे प्रयोग जिथे होत ते परळचं दामोदर नाट्यगृह मात्र २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. तिथला मंच लोककलेला पूर्वीइतक्याच परवडणाऱ्या भाड्यात परत मिळाला पाहिजे, आणि त्यावर या मुलांनाही एक संध्याकाळ मिळायला हवी.